तार, लहर आणि काचतंतू : बेळगाव-निपाणी परिसरातील संदेशवहनाच्या रचनेचा इतिहास

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे, तर बेळगाव सुमारे ७५ किलोमीटरवर. तंबाखूची पेठ म्हणून नावारूपास आलेल्या या गावाचे व्यवहार, सोयरिकी, दवाखाने आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून उच्च शिक्षणही मोठ्या प्रमाणात कोल्हापूरशी निगडित राहिले. दूरध्वनीच्या हिशेबात मात्र कोल्हापूर हे दुसरे मंडळ आणि बेळगाव हे आपले. निपाणी ज्या चिकोडी विभागात मोडते त्याचा एस.टी.डी. क्रमांक ०८३३८, बेळगावचा ०८३१, कोल्हापूरचा ०२३१ आणि निपाणीपासून जेमतेम २० किलोमीटरवरील कागलचा ०२३२५. हे आकडे वाचले तरी सीमा कोठून जाते ते कळते.

दूरसंचाराच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोधांच्या क्रमाने केले जाते. प्रथम तार, मग बिनतारी यंत्रणा, त्यानंतर सूक्ष्मलहरी, प्रकाशीय तंतू आणि भ्रमणध्वनी. हा क्रम चुकीचा नाही, पण सीमाभागाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. येथे संदेशाला दोन अंतरे तोडावी लागली. पहिले अंतर तारेतील, हवेतील आणि काचेतील ऱ्हासाचे. ते अभियंत्यांनी क्रमाक्रमाने जिंकले. दुसरे अंतर नकाशावर आखलेल्या मंडळाच्या रेषेचे. ते पहिल्यापेक्षा बराच काळ टिकले, आणि त्याचा भुर्दंड सामान्य ग्राहकाने भरला.

तारेपासून आरंभ

विल्यम ओशॉनेसी या वैद्यकीय अधिकाऱ्याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचा पहिला प्रयोग केला. १८५३ मध्ये मोठ्या प्रमाणावर काम सुरू झाले आणि १८५५ च्या प्रारंभी सर्वसामान्यांसाठी सेवा खुली होईपर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास आणि बंगळूर ही ठिकाणे सुमारे ४,००० मैलांच्या तारेने जोडली गेली होती. ओशॉनेसीची एक गोष्ट रचनेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. युरोपात बारीक तार वापरली जात असताना त्याने हिंदुस्थानासाठी जाड लोखंडी सळई पसंत केली. पावसाळा, वादळ, तारेवर बसणारी पाखरे आणि लोंबकळणारी माकडे यांचा विचार करून घेतलेला हा निर्णय होता. या देशात जाळे उभारायचे तर या देशातील हवा, धूळ आणि वापर पाहूनच ते उभारावे लागते, हा धडा एवढ्या लवकर मिळूनही पुढे अनेकदा विसरला गेला.

तारेचे दर शब्दांवर आकारले जात, त्यामुळे भाषेवरही तिचा परिणाम झाला. दीर्घकाळ देशी भाषांतील मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे. नागरी लिपीतील तारसेवा १९४९ मध्ये सुरू झाली. शुभेच्छांच्या तारांसाठी खात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते आणि या यादीत आरंभीच दिवाळी व ईद यांच्या शुभेच्छा होत्या. पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा, तारेतून तेवढाच जायचा, पलीकडे पूर्ण वाक्य छापलेला कागद हाती पडायचा. सणाच्या दिवशी तारेवर पडणारा भार हलका करण्याची ही साधी युक्ती होती. आजच्या अभियांत्रिकीत यालाच संकेतनाने केलेले संक्षेपण म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र अभ्यासक्रम शिकवले जातात! ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

बेळगाव हे मुंबई इलाख्यातील जिल्ह्याचे ठाणे आणि लष्करी छावणी. त्यामुळे सरकारी गरजेपोटी येणारी प्रत्येक सोय तेथे आधी पोहोचणे स्वाभाविक होते. निपाणीची स्थिती निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज-बेळगाव असा लोहमार्ग झाला, मिरजेहून एक फाटा कोल्हापूरला गेला, पण निपाणी दोन्हींच्या मध्ये कोरडी राहिली. आजही तेथे रेल्वे नाही. रेल्वेबरोबर येणारी तारही त्यामुळे गावावरून गेली नाही. पुणे-बंगळूर हमरस्ता हाच निपाणीचा एकमेव मोठा दुवा राहिला आणि संदेशवहनाची प्रत्येक नवी सोय याच रस्त्याच्या कडेने तिच्यापर्यंत आली. एकाच वाटेवर अवलंबून असण्याचे परिणाम पुढे काचतंतूच्या काळात दिसून आले.

खडकी आणि दौंड

बिनतारी संदेशवहनाचा एक महत्त्वाचा प्रयोग याच रेल्वे व रस्त्याच्या उत्तर टोकाला, पुणे जिल्ह्यात झाला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारण्याचे ठरवले. प्रारंभीची कल्पना प्रचंड शक्तीच्या लांब लहरींची होती. मार्कोनी आणि त्याचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनी तिला पर्याय दिला : आखूड लहरी वापरायच्या आणि त्या सर्व दिशांना न उधळता परावर्तकाने झोत बांधून एकाच दिशेला पाठवायच्या. कंदिलाऐवजी बॅटरीचा झोत वापरावा तसे. शक्ती कमी लागते, पोच वाढते आणि खर्च घटतो. हिंदुस्थानातील या सेवेसाठी खडकी येथे प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथे ग्रहण केंद्र उभारण्यात आले व १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी सेवा सुरू झाली.

दोन केंद्रे वेगळ्या गावी का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ढोल वाजत असताना त्याच्याशेजारी बसून दूरची कुजबुज ऐकू येत नाही, हे त्याचे सोपे उत्तर. हजारो मैलांवरून येणारी लहर अतिशय क्षीण असते. स्वतःच्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटापासून ग्राहक दूर ठेवणे भाग होते.

या झोत-सेवेने समुद्रतळाच्या तारांचा धंदा इतका खालावला की १९२८ मध्ये लंडनला परिषद भरवून तारा व बिनतारी यांचे व्यवसाय एकत्र करावे लागले. हिंदुस्थानातही १९३२ मध्ये दोन्ही सेवा एका कंपनीकडे गेल्या. १९४७ च्या आरंभी सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस अस्तित्वात आली. स्वस्त आणि चांगली रचना आली की जुन्या रचनेचे मालक प्रथम ती विकत घेऊ पाहतात, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

खडकी-दौंडचा लाभ सीमाभागातील सामान्य माणसाला क्वचितच झाला असेल. त्याला बिनतारी लहरीची ओळख झाली ती आकाशवाणीमुळे. धारवाड केंद्र १९५० मध्ये, तर सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. चिकोडी-निपाणीच्या घरांतून एकाच रेडिओवर सुई थोडी सरकवली की कन्नड आणि थोडी उलट फिरवली की मराठी ऐकता येई. त्यासाठी कोणी वेगळा आकार मागितला नाही. लहरीला राज्याची सीमा दिसत नाही, ही गोष्ट या भागातील लोकांना भ्रमणध्वनी येण्यापूर्वी तीन-चार दशके अनुभवाने माहीत होती.

कित्तूरचे एक्स्चेंज

बेळगाव जिल्ह्याचे नाव देशाच्या दूरसंचार इतिहासात कायमचे नोंदले गेले ते कित्तूरमुळे. राणी चन्नम्मांचे हे गाव बेळगावच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, धारवाडकडे जाणाऱ्या त्याच हमरस्त्यावर आहे. भारतात तयार केलेले पहिले ग्रामीण स्वयंचलित डिजिटल एक्स्चेंज १९८६ मध्ये येथे कार्यान्वित झाले. आपल्या भागातील अनेक शिक्षकांनाही ही गोष्ट ठाऊक नसते, म्हणून तिच्याकडे जरा सविस्तर पाहणे इष्ट ठरेल.

पार्श्वभूमी अशी. १९८० मध्ये सुमारे ७० कोटी लोकसंख्येच्या देशात केवळ २५ लाख दूरध्वनी होते आणि शंभरांतील ९७ खेड्यांत तर एकही नव्हता. शहरांतील एक्स्चेंज वारंवार कोलमडत. त्याचे कारण यंत्रे वाईट होती इतकेच नव्हते. १९६० च्या दशकात बेल्जियममधून घेतलेल्या तंत्रावर आधारित पेंटाकोंटा नावाची क्रॉसबार एक्स्चेंज बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये तयार होऊ लागली. ती ज्या समाजासाठी आखली होती तेथे घरोघरी दूरध्वनी होता आणि दिवसातून मोजके कॉल होत. आपल्याकडे दूरध्वनी थोडे, पण एकेका दूरध्वनीवर सारी आळी बोलत असे. निपाणीसारख्या पेठेत अडत्याच्या दुकानातील दूरध्वनीला तर दिवसभर उसंत नसे. डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून सिद्ध करून ठेवले होते की एक्स्चेंजची क्षमता ठरवताना एकूण किती वेळ मार्ग अडून राहतात ते मोजावे लागते, नुसते दूरध्वनी मोजून भागत नाही. परदेशातील आकडे तसेच्या तसे घेतल्यामुळे येथे मार्ग कमी पडले आणि ग्राहकाच्या कानी व्यस्ततेचा सूर येत राहिला. पुढे या यंत्रात भारतीय वापरानुसार बरेच फेरफार करावे लागले.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये अशी मुदत व तरतूद तिला देण्यात आली. सल्लागार सॅम पित्रोदा यांचे नाव सर्वपरिचित आहे, मात्र संशोधनाची धुरा वाहणाऱ्यांत दूरसंचार संशोधन केंद्रातील जी. बी. मीमांसी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले एम. व्ही. पिटके हेही होते. त्यांचे स्मरण क्वचितच केले जाते. त्यांच्या गटाने आखलेले ग्रामीण एक्स्चेंज १२८ पोर्टचे होते. विशेष म्हणजे त्याला वातानुकूलित खोलीची गरज नव्हती. परदेशी डिजिटल एक्स्चेंजला थंड, धूळमुक्त खोली आणि अखंड वीज लागे. यांपैकी एकही गोष्ट त्या काळच्या खेड्यात खात्रीने मिळत नव्हती. तेव्हा खोली थंड करण्याऐवजी मुळात कमी तापणारे यंत्र बनवावे, असा उलट विचार करण्यात आला. ओशॉनेसीच्या लोखंडी सळईशी या विचाराचे नाते उघड आहे.

पित्रोदांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या एका लेखात कर्नाटकातील सुमारे ५,००० वस्तीच्या एका गावाचा दाखला दिला आहे. सुमारे १०० दूरध्वनींचे डिजिटल एक्स्चेंज आल्यावर सहा महिन्यांत तेथील बँकांच्या ठेवी ८० टक्क्यांनी वाढल्या, ट्रकमालक आपल्या चालकांचा माग काढू लागले आणि शेतकरी शहरातील खरा भाव विचारू लागले, असे ते सांगतात. गावाचे नाव लेखात नाही, त्यामुळे ते कित्तूरच, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. शिवाय ज्यांनी यंत्र बनवले त्यांनीच दिलेला हा आकडा आहे. ठेवी वाढण्यास चांगला हंगाम किंवा अन्य कारणेही असू शकतात. तरीही भाव विचारता येणे म्हणजे काय, हे तंबाखू उत्पादकांच्या या मुलखाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्ता अडवला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा जण मृत्युमुखी पडले. बाजाराची खबर व्यापाऱ्याकडे आधी आणि शेतकऱ्याकडे उशिरा पोहोचणे हे त्या असंतोषाचे एकमेव कारण नव्हते, पण अनेक कारणांपैकी ते निश्चितच एक होते.

सर्वच ग्रामीण प्रयोग यशस्वी झाले असे नाही. १९९० च्या दशकात एका मध्यवर्ती मनोऱ्यावरून अनेक खेड्यांना रेडिओने दूरध्वनी देणारी मार नावाची यंत्रणा देशभर बसवण्यात आली. ती सदोष निघाली, कित्येक ठिकाणी पंचायतीतील दूरध्वनी मुका होऊन पडला आणि अखेर ती बदलावी लागली.

काचेतून प्रकाश

प्रकाश एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात जाताना वाकतो. हा वक्रीभवनाचा नियम बगदादच्या इब्न सहल याने इ.स. ९८४ च्या सुमारास बरोबर मांडला होता. तेथपासून प्रकाशीय तंतूपर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मध्ये हजार वर्षे आणि अनेक देशांची मेहनत आहे. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडन येथे हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले. पण तो तंतू काही मीटरपुरताच उपयोगाचा होता. काच प्रकाश गिळून टाकत असे.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी हिशेब मांडला की काच पुरेशी शुद्ध करून ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत आणला तर तंतू दूरध्वनीसाठी वापरता येईल. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग प्रकाश शिल्लक राहणे. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ही मर्यादा ओलांडली. भारतातील पहिली प्रकाशीय तंतुप्रणाली १९७९ मध्ये पुण्यात स्थानिक एक्स्चेंजांच्या दरम्यान सुरू झाली. पुढे काच इतकी सुधारली की ऱ्हास किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबलवर आला. वर्गात सांगण्यासारखे उदाहरण द्यायचे तर बेळगावहून अशा तंतूत सोडलेल्या प्रकाशापैकी ७५ किलोमीटरवरील निपाणीत सुमारे तीन टक्के पोहोचतो. सांधे धरले तर त्याहून काहीसा कमी. ग्राहक यंत्राला तेवढा पुरून उरतो, म्हणजे वाटेत एकही रिपीटर लागत नाही. सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांना साधारण ४०-५० किलोमीटरवर एकमेकांना दिसेल असा दुसरा मनोरा लागे आणि डोंगर, दाट पाऊस यांची आडकाठी असे. १९८७ मध्ये एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक सिद्ध झाल्यावर प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच तो पुन्हा प्रबळ करता येऊ लागला, आणि एकाच तंतूतून अनेक रंगांचे प्रकाश एकाच वेळी पाठवण्याचा मार्ग मोकळा झाला.

ऱ्हासाचा प्रश्न असा जवळजवळ संपला. राहिला तो कुदळीचा. चौपदरीकरण, जलवाहिनी, गटार, कोणतेही काम निघाले की रस्त्याकडेची केबल तुटण्याचा धोका असतो. यावरील उपाय जाळ्याच्या आकारात आहे. केबल एका रेषेत न ठेवता तिचे कडे करायचे, म्हणजे एक बाजू तुटली तर वाहतूक उलट दिशेने वळते. बेळगाव आणि मिरज-कोल्हापूर यांना हमरस्ता आणि लोहमार्ग अशा दोन वेगळ्या वाटा उपलब्ध आहेत. लोहमार्गालगत तंतू टाकणारी रेलटेल ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली. निपाणी मात्र यांपैकी एकाच वाटेवर आहे. शतकापूर्वी रेल्वे न आल्याचा परिणाम काचतंतूच्या नकाशावरही उमटतो, तो असा. २०२० मध्ये महाविद्यालये बंद पडून उर्दू, मराठी, कन्नड सर्वच माध्यमांचे वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरले, तेव्हा संपर्क टिकण्याचे मोल प्रत्येक शिक्षकाला कळून चुकले.

मंडळाची रेषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा हा इतिहास वाचकांना ज्ञात आहे व येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. येथे मुद्दा एवढाच की दूरसंचाराची मंडळेही राज्यांच्या सीमांनुसार राहिली. भ्रमणध्वनीचे परवाने १९९० च्या दशकाच्या मध्यास देण्यात आले तेही मंडळनिहाय. महाराष्ट्राच्या मंडळात गोवा समाविष्ट झाला, निपाणी कर्नाटकात राहिली.

तारेच्या दूरध्वनीला ही विभागणी पेलत होती, कारण तार कोठे संपते ते ठरवता येते. लहरीचे तसे नाही. दूधगंगेच्या अलीकडचा मनोरा पलीकडे ऐकू जातो आणि पलीकडचा अलीकडे. भ्रमणध्वनी संच स्वभावतः प्रबळ संकेत पकडतो. त्यामुळे कोगनोळी-कागल पट्ट्यात स्वतःच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाला परराज्यात स्वागत करणारा संदेश यावा आणि आलेल्या कॉलचेही पैसे कापले जावेत, असे घडे. अभियंते अँटेना खाली झुकवून आणि शक्ती कमी करून लहर सीमेच्या आत ठेवू पाहतात. त्याची किंमत अशी की सीमेलगतच्या गावात दोन्हींकडचे संकेत क्षीण होतात. म्हणजे जेथे जाळे सर्वांत सुदृढ हवे तेथेच ते हेतुपुरस्सर दुबळे ठेवावे लागते. कोल्हापूरला शिकणाऱ्या मुलांनी आणि तेथे नोकरी करणाऱ्यांनी यावर आपला तोडगा काढला. खिशात दोन सिमकार्डे बाळगण्याचा.

दरांची भिंत टप्प्याटप्प्याने ढासळली. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांच्या वन इंडिया योजनेत देशात कोठेही एका मिनिटाला एक रुपया असा दर उपलब्ध झाला. जानेवारी २०११ मध्ये क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर आली, परंतु मंडळाच्या आतच. निपाणीचा क्रमांक कोल्हापुरात कायम करण्यासाठी ३ जुलै २०१५ ची वाट पाहावी लागली. २०१६-१७ मध्ये कंपन्यांच्या स्पर्धेतून देशांतर्गत रोमिंगचे शुल्क मागे पडले. ०.२ डेसिबलची काच उपलब्ध होऊन तोपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

वर्णपटाचा लिलाव मात्र मंडळनिहायच होत राहिला, २०२२ मधील ५जी चा लिलावही त्यास अपवाद नव्हता. परिणामी एकाच कंपनीकडे दूधगंगेच्या दोन काठांवर वेगवेगळ्या प्रमाणात वर्णपट असू शकतो, आणि दोन्हीकडच्या मनोऱ्यांची आखणी दोन मंडळांच्या हिशेबाने करावी लागते.